अनेक देशांनी मिळून केलेली शेतकीची पाठमाला व तीत आपला वाटा

किडीस सरहद्द ठाऊक नसते. विद्येस मात्र ती पदोपदी आडवी येते. मक्यावरील अमेरिकन लष्करी अळीचेच उदाहरण घ्यावे. ही अळी मूळची अमेरिका खंडातील. इ. स. २०१६ मध्ये ती आफ्रिकेत आढळली, २०१८ च्या मे महिन्यात कर्नाटकात दिसली, व त्याच वर्षी महाराष्ट्रातही येऊन दाखल झाली. डोक्यावर इंग्रजी 'वाय' अक्षर उलटे काढल्यासारखी खूण व शेपटाकडील शेवटून दुसऱ्या वलयावर चौकोनात मांडलेले चार ठिपके, एवढ्यावरून ती ओळखता येते. ही ओळख आफ्रिकेतील मका पेरणाऱ्यांस आपल्यापूर्वी दोन वर्षे झाली होती. त्यांचा अनुभव अळीच्या आधी आपल्या बांधावर येता, तर 'ही कोणती अळी?' एवढ्याच प्रश्नात हंगामाचे मोलाचे दिवस कोणास घालवावे लागले नसते.

अशी विद्या एका देशातून दुसऱ्या देशात नेण्याचे एक साधन सांप्रत हाती आले आहे. ते म्हणजे निरनिराळ्या देशांतील जाणत्या माणसांनी मिळून तयार केलेली ऑनलाइन पाठमाला. ह्या साधनाविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात. कोणी म्हणतात, फोनमध्ये सर्व काही आहे, आता शेतकी शाळेची गरज काय? कोणी म्हणतात, परदेशच्या पंडितांस आमच्या काळ्या जमिनीचे काय कळते? आमच्या मते दोन्ही बोलणी अर्धवट आहेत. अशी पाठमाला कशी तयार होते, ती कोठे फळास येते व कोठे फसते, आणि आपल्यासारख्या शेतकऱ्यांच्या संस्थेचे तीत काय काम आहे, ह्याचा विचार ह्या लेखात करावयाचा आहे.

१. पाठमाला म्हणजे काय?

फोनवर एखादे चित्रण पाहिले म्हणजे पाठमाला झाली, असे नव्हे. पाठमालेस चार अंगे असावी लागतात. पहिले, विषयाचा क्रम. म्हणजे आधी काय व मागून काय, हे ठरलेले असणे. दुसरे, विद्यार्थ्याने स्वतः करून पाहावयाचे काम. तिसरे, शंका विचारण्याची व तिचे उत्तर मिळण्याची सोय. चौथे, शिकलेले अंगी उतरले की नाही ह्याची परीक्षा. ह्यांपैकी एकही अंग लुळे असेल तर ते व्याख्यान होईल, करमणूक होईल, कदाचित जाहिरातही होईल. पाठमाला होणार नाही. औषध विकणाऱ्या कंपनीचे चित्रण व शिकविणाऱ्याचा पाठ ह्यांतील भेद ह्या चार कसोट्यांवर घासून पाहता येतो.

२. आजवर झालेले प्रयोग

राष्ट्रकुलातील देशांच्या प्रमुखांची परिषद १९८७ साली कॅनडातील व्हँकुव्हर येथे भरली होती. दूरशिक्षणाच्या कामी देशांनी परस्परांस साह्य करावे, ह्या हेतूने तीत एक संस्था काढण्याचे ठरले. तीच 'कॉमनवेल्थ ऑफ लर्निंग'. ह्या संस्थेने कानपूरच्या आय. आय. टी.शी सहकार्य करून २०१३ साली मोबाइल फोन व विकास ह्या विषयावर सर्वांस खुली अशी पाठमाला चालविली. तीत शंभरांहून अधिक देशांतील दोन हजारांवर लोकांनी नावे नोंदविली. पुढच्याच वर्षी, अशा पाठमाला कशा चालवाव्यात ह्याचीच एक पाठमाला झाली. त्यानंतर केवळ शेतकी विषयांकरिता 'अॅगमूक्स' ह्या नावाने पाठमाला निघाल्या. त्या चालविण्यास लागणारी 'मूकिट' नावाची यंत्रणा कानपूर येथेच तयार झाली. जोडणी क्षीण असली तरी पाठ चालावा, हे धोरण तीत ठेविलेले आहे. सहकार्य व धोरण कॅनडाकडून, यंत्रविद्या कानपूरची आणि विषयाचे अध्यापक शेतकी विद्येतील, असे हे जुळले.

ह्या पाठमालांचा उपयोग शेतकी महाविद्यालयांचे विद्यार्थी व कृषी विस्ताराचे काम करणारी मंडळी ह्यांस विशेष. त्या मुख्यतः इंग्रजीत आहेत. म्हणून कपाशी वेचणाऱ्या बाईपर्यंत त्या सरळ पोहोचतील, अशी अपेक्षा करणे रास्त नव्हे.

त्याच संस्थेचा दुसरा प्रयोग आम्हांस अधिक बोधप्रद वाटतो. २००४ पासून तमिळनाडूत शेतकऱ्यांच्या आजीवन शिक्षणाचा एक उपक्रम सुरू झाला. थेनी जिल्ह्यात शेळीपालन करणाऱ्या स्त्रियांस शेळीची निवड, चारा, रोग वगैरे विषयांवर लहान लहान ध्वनिसंदेश त्यांच्याच तमिळ भाषेत मोबाइल फोनवर ऐकविण्यात आले. स्त्रियांचे गट, कर्ज देणारी बँक व शिकविणारे लोक हे तिघे एकत्र बांधलेले होते. बाईने शेळीकरिता कर्ज घेतले असल्यामुळे शेळी जगविण्याची विद्या तिला हवीच होती. गरज आधी व पाठ मागून, हा क्रम तेथे साधला. पुढे ह्या पद्धतीचा विस्तार केनिया, युगांडा वगैरे देशांतही झाला.

तिसरे उदाहरण भाताचे. बांगलादेशातील ग्रामीण स्त्रियांबरोबर राहून भाताचे बी निवडणे, वाळविणे व साठविणे ह्यांविषयी काही चित्रणे ह्या शतकाच्या पहिल्या दशकात तयार झाली. तीच चित्रणे आफ्रिकेतील अनेक भाषांत उतरवून तेथील भात पिकविणाऱ्यांस दाखविण्यात आली. काळ्या वर्णाच्या, निराळ्या वेषाच्या आफ्रिकन शेतकऱ्यास बंगाली बाईचे बोलणे पटेल काय, अशी शंका कोणासही यावी. पण ते पटले. कारण त्या चित्रणात नुसती कृती सांगितलेली नव्हती, तिच्यामागचे कारण सांगितले होते. पाण्यात मीठ घालून त्यात बी टाकले असता हलके बी का तरंगते, हे ज्यास कळले, तो आपल्या गावी आपल्या भांड्यात तेच करून पाहतो. आज 'अॅक्सेस अॅग्रिकल्चर' नावाची आंतरराष्ट्रीय संस्था अशी शेतकऱ्याने शेतकऱ्यास शिकविण्याची चित्रणे कित्येक भाषांत ठेवीत असते, व त्यांत मराठीही आहे.

ह्या तीन उदाहरणांवरून एक नियम काढता येतो: कृती देशापुरती असते, कारण सर्व देशांस सारखे लागू पडते. म्हणून अनेक देशांच्या पाठमालेने कारण शिकवावे, व कृती ठरविण्याचे काम त्या त्या ठिकाणच्या माणसांकडे ठेवावे.

३. कामाची वाटणी व कागदाची शिस्त

अशा कामात विषय जाणणारा अध्यापक, पाठाचा क्रम लावणारा, चित्रण करणारा, यंत्रणा सांभाळणारा, भाषांतर करणारा व परीक्षा घेणारा एवढे लोक तरी लागतात. ते एका गावी क्वचितच असतात. नागपुरास दुपारचे दोन वाजलेले असतात तेव्हा आफ्रिकेतील बेनिन देशात सकाळचे साडेनऊ झालेले असतात. म्हणजे रोज एकत्र बसून बोलण्यास दुपारचे काही तासच हाती राहतात. बाकीचे सर्व काम लेखी चालवावे लागते.

आम्ही महसूल खात्यात कारकुनी केली. तेथे एक गोष्ट पक्की शिकलो: ज्या कागदावर सही नाही व तारीख नाही, तो कागद कोणाच्याच जबाबदारीचा नसतो. पाठमालेसही हाच नियम लागू आहे. प्रत्येक पाठावर तो कोणी लिहिला, कोणी तपासला, कोणत्या तारखेस दुरुस्त केला, व कोणत्या देशास लागू आहे, हे स्पष्ट असले पाहिजे. ह्याचे कारण केवळ टापटीप नव्हे. मोनोक्रोटोफॉस ३६ टक्के ह्या प्रवाही औषधावर भारत सरकारने २०२३ साली बंदीचा हुकूम काढला. त्यापूर्वी केलेल्या एखाद्या पाठात त्याची शिफारस असेल, तर तो पाठ फोनवर अजूनही तसाच दिसत राहील. छापील पुस्तक जुने झाले की त्याचा कागद पिवळा पडतो. फोनवरील पाठ जुना झाला तरी नव्यासारखाच चकचकीत दिसतो. म्हणून तारीख नसलेला पाठ पाळू नये, हे आम्ही आपल्या सभासदांस आवर्जून सांगतो. तसेच एका देशात ज्यास परवानगी आहे त्यास दुसऱ्या देशात बंदी असू शकते. औषधाचे नाव आले की आपल्या देशातील नोंदणी पाहिल्यावाचून पुढे जाऊ नये.

४. भाषा, माप व ऋतू

परक्या देशाचा पाठ आपल्याकडे येताना तीन ठिकाणी अडखळतो.

पहिले ठिकाण भाषेचे. कपाशीच्या फुलाच्या कोवळ्या कळीस इंग्रजीत 'स्क्वेअर' म्हणतात. ज्याने कपाशी पाहिली नाही असा भाषांतरकार त्याचा 'चौरस' करील. आपल्याकडे त्यास 'पाते' म्हणतात, व पातेगळ म्हटले की शेतकऱ्यास तत्काळ समजते. गुलाबी बोंडअळीने आतून विणून टाकलेले, न उमललेले फूल म्हणजे 'डोमकळी'. वेचणी संपल्यावर पाणी देऊन पुन्हा राखलेले पीक म्हणजे 'फरदड'. हे शब्द कोशात शोधून सापडतीलच असे नाही. ते शेतात सापडतात. कपाशीच्या झाडास आपल्या भागात पऱ्हाटी म्हणतात, हे पाठ करणारास कोणी सांगितलेच नाही तर तो कोठून लिहिणार?

दुसरे ठिकाण मापाचे. परदेशचा पाठ हेक्टरात बोलतो, सातबाराही हेक्टर व आर ह्यांत लिहिलेला असतो. पण शेतकरी एकरात विचार करतो व फवारणारा मजूर पंपात मोजतो. समजा, एखाद्या पाठात हेक्टरी ५०० लिटर पाण्यात ५०० मिलिलिटर औषध सांगितले आहे. म्हणजे दर लिटरास १ मिलिलिटर, व १५ लिटरच्या पंपास १५ मिलिलिटर झाले. हेच कोणी हेक्टरऐवजी एकरी समजला, तर एक हेक्टर म्हणजे सुमारे अडीच एकर असल्यामुळे औषध अडीच पट पडेल. पैसा गेला, मित्रकीटक मेले, आणि फवारणाऱ्याच्या अंगावर विष अधिक आले, ते एका शब्दाच्या चुकीने.

ह्याच्या उलट, चांगला उतरविलेला पाठ कसा असावा ह्याचे उदाहरण निंबोळी अर्काचे देता येईल. कडुलिंबाच्या बियांपासून कीडनाशक करण्याचा पाठ अमेरिकेतील विद्यापीठाशी निगडित अशा 'सायंटिफिक अॅनिमेशन्स विदाउट बॉर्डर्स' ह्या उपक्रमाने चलचित्रांच्या रूपाने केलेला आहे, व तो अनेक भाषांत उतरविला गेला आहे. आपल्याकडे तोच विषय असा सांगावा: पाच किलो वाळलेल्या निंबोळ्या कुटून दहा लिटर पाण्यात रात्रभर भिजत घालाव्या, सकाळी फडक्यातून गाळून घ्यावे, दोनशे ग्रॅम साबणाचा चुरा वेगळ्या पाण्यात विरघळवून त्यात मिसळावा, व एकंदर शंभर लिटर होईल इतके पाणी घालून त्याच दिवशी फवारावे. हा पाच टक्के अर्क झाला. १५ लिटरच्या एका पंपापुरता करावयाचा तर निंबोळ्या ७५० ग्रॅम पुरतात. हे शेवटचे वाक्य परदेशच्या पाठात नसते, आणि मजुरास हवे असते ते नेमके हेच वाक्य.

तिसरे ठिकाण ऋतूचे. आपल्याकडे कपाशी जूनमध्ये पाऊस पडल्यावर लावतात. ऑस्ट्रेलियात ती ऑक्टोबरच्या सुमारास पेरतात, व तेथील पीक बहुतांशी ओलिताचे. विदर्भातील बहुतेक कपाशी कोरडवाहू. म्हणून अनेक देशांच्या पाठात महिन्याचे नाव घालू नये. पेरणीपासून किती दिवस, पाते लागल्यावर किती दिवस, असे मोजावे. तसेच पाण्याची सोय आहे की नाही, हे प्रत्येक शिफारशीच्या शेजारी लिहावे.

५. तीन देशांचा एक पाठ : गुलाबी बोंडअळी

आता गुलाबी बोंडअळीवर तीन देशांनी मिळून एक पाठ करावयाचा झाल्यास त्यात काय यावे, ते पाहू.

अमेरिकेतील संयुक्त संस्थानांनी ऑक्टोबर २०१८ मध्ये आपल्या कापसाच्या प्रदेशातून ही अळी नाहीशी झाल्याचे जाहीर केले. तेथे बीटी कपाशी, कामगंधाचा वापर, प्रजननशक्ती नष्ट केलेले पतंग विमानातून सोडणे, व पिकाचे अवशेष वेळेवर नांगरून टाकणे, अशी अनेक कामे एकाच वेळी झाली, आणि सीमेपलीकडील उत्तर मेक्सिकोनेही त्यात भाग घेतला. एका देशाने एकट्याने हे केले असते, तर शेजारून पतंग पुन्हा आलेच असते.

चीनमध्ये निराळेच घडले. तेथील शेतकऱ्यांनी संकरित बियाण्याची दुसरी पिढी पेरली. तीत बीटी नसलेली झाडे आपोआप मिसळलेली होती. त्या झाडांवर साध्या अळ्या जगल्या, त्यांचे पतंग विष पचविणाऱ्या पतंगांशी संकरले, व प्रतिकारशक्ती वाढण्यास आळा बसला.

आपल्याकडे हाच हेतू मनात धरून ४५० ग्रॅम बीटी बियाण्याबरोबर १२० ग्रॅम बीटी नसलेल्या बियाण्याची वेगळी पुडी दिली जात असे. पण ती पुडी कित्येकांनी पेरलीच नाही. शेतकऱ्याच्या हाती पुडी आली, चिठ्ठी आली, परंतु कारण आले नाही. ज्या ओळी अळीने खाव्यात म्हणून पेरावयाच्या, त्या कोण पेरील, जर 'का' हे कोणी समजावून सांगितले नाही? गुजरातेत अळीची प्रतिकारशक्ती प्रथम नोंदली गेली, आणि २०१७ च्या हंगामात विदर्भाने त्याचे फळ भोगले. अर्थात पुडी न पेरणे हे एकच कारण नव्हते. पीक लांबविणे, फरदड राखणे व निरनिराळ्या कालावधीची असंख्य वाणे लावणे ह्यांनीही अळीस बारमाही अन्न पुरविले.

नागपुरातील केंद्रीय कापूस संशोधन संस्था १९७६ पासून काम करीत आहे. अळीवर नजर ठेवण्याकरिता हेक्टरी ५, म्हणजे एकरी २ कामगंध सापळे लावावे. सतत तीन रात्री दर सापळ्यात ८ पतंग सापडले, अथवा फुलांत वा हिरव्या बोंडांत दहा टक्के नुकसान दिसले, म्हणजे उपाय योजावा. आणि डिसेंबरअखेर, फार तर जानेवारीत, पीक काढून शेत मोकळे करावे, असे आपल्याकडील शिफारशींचे सार आहे.

पतंग विमानातून सोडणे एका शेतकऱ्याच्या हातचे नव्हे, पण पीक वेळेवर संपविणे त्याच्या हातचे आहे; हा निवाडा अमेरिकेचा अध्यापक करू शकत नाही, चीनचाही करू शकत नाही. तो नागपूरच्या माणसानेच करावा लागतो. आपल्या संत्र्याच्या कलमास जंबेरीचा खुंट लागतो. डोळा दुसऱ्या झाडाचा असला तरी मूळ ह्या जमिनीत रुजणारे हवे. अनेक देशांच्या पाठमालेचेही तसेच आहे. डोळा परका चालेल, खुंट आपला पाहिजे.

६. विद्यार्थी कोण?

आता आम्ही ह्या लेखातील सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे येतो. २०१७ च्या त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसांहून अधिक माणसे दगावली, व शेकडोंस दवाखान्यात दाखल करावे लागले. त्यांत शेतकरी होते तसे मजुरीने फवारणारेही होते. औषधाच्या डब्यावरील तांबडा, पिवळा, निळा व हिरवा त्रिकोण हा विषाची तीव्रता उतरत्या क्रमाने दाखवितो, हे किती फवारणाऱ्यांस ठाऊक असते? तांबडा सर्वांत जहाल. हा एक धडा दोन मिनिटांत शिकविता येतो.

पाठमाला करणारे बहुधा विद्यार्थी म्हणून शेतमालकाची कल्पना करतात: त्यास वाचता येते, त्याच्याजवळ चांगला फोन आहे, व संध्याकाळी त्यास अर्धा तास फुरसत आहे. पण डोक्याएवढ्या पऱ्हाटीत पंप पाठीवर घेऊन जाणारा तो नसतो. जो जातो, त्याने पाठ पाहिलेला नसतो. आणि ज्याने पाठ पाहिला, तो बांधावर उभा असतो. विष मात्र पाठ न पाहणाऱ्याच्याच अंगावर पडते. म्हणून फवारणीच्या पाठाचा विद्यार्थी मजूर धरूनच तो पाठ रचला पाहिजे. तो ऐकण्याजोगा असावा, दोन-तीन मिनिटांचा असावा, व आपल्या बोलीत असावा. त्यात परदेशी चित्रातील डोक्यापासून पायापर्यंतचा बंद पोशाख दाखवून भागणार नाही. भाद्रपदाच्या उन्हात तो कोणी दुपारपर्यंत अंगावर ठेवणार नाही. पूर्ण बाह्यांचा सदरा, हातमोजे, तोंडावर मुखपट्टी, डोळ्यांस चष्मा. वाऱ्याच्या दिशेने फवारणे, उलट नव्हे. उपाशीपोटी न फवारणे, मध्ये तंबाखू न मळणे. नोझल तोंडाने न फुंकणे. दोन औषधे मनाने एकत्र न करणे. व डोके गरगरू लागताच काम थांबवून, कपडे बदलून, साबणाने अंग धुऊन, औषधाचा डबा बरोबर घेऊन दवाखाना गाठणे: एवढे सांगितले तरी पाठ सार्थकी लागेल.

मजुराने हा पाठ ऐकावा ह्याची जबाबदारी मालकाची आहे, हेही आम्ही येथे स्पष्ट लिहितो. फवारणीच्या दिवशी सकाळी पाच मिनिटे खर्चून तो ऐकविणे जड नाही. मजुरीच्या हिशेबात ती पाच मिनिटे धरावी.

७. हक्क व खर्च

पाठ फोनवर फुकट पाहावयास मिळतो, म्हणून तो भाषांतर करून वाटण्याचाही हक्क मिळतो, असे नव्हे. चित्रणावर कर्त्याचा हक्क असतो. परंतु कित्येक कर्ते 'क्रिएटिव्ह कॉमन्स' नावाच्या परवान्याखाली आपले काम मोकळे ठेवितात. त्यांतही प्रकार आहेत: कोणी केवळ नाव द्या म्हणतो, कोणी विक्री करू नका म्हणतो, कोणी बदल करू नका म्हणतो. बदलास मनाई असेल तर भाषांतरही होत नाही. शिक्षणाची साधने मोकळी असावीत असा जाहीरनामा २०१२ साली युनेस्कोच्या पॅरिस येथील परिषदेत झाला, व तीत वर सांगितलेली राष्ट्रकुलाची संस्थाही सहभागी होती. म्हणून सहकार्य सुरू करण्यापूर्वीच, मराठी प्रत कोणाची राहील, तिच्यात दुरुस्ती कोण करील, व ती सभासदांस विनामूल्य वाटता येईल काय, हे लेखी ठरवून घ्यावे. काम झाल्यावर हा प्रश्न काढला म्हणजे तंटा होतो.

८. आपल्या संस्थेने काय करावे?

पैसा, यंत्रणा व मोठे अध्यापक आपल्याजवळ नाहीत. ते ज्यांच्याजवळ आहेत ते आणतील. पण काही गोष्टी अशा आहेत की त्या आपल्यावाचून कोणाजवळच नाहीत. आमची सूचना येणेप्रमाणे आहे.

पहिली: कपाशी, तूर, सोयाबीन व संत्रा ह्या पिकांसंबंधी आपल्या तालुक्यांत चालणाऱ्या शब्दांची यादी करावी, व प्रत्येक शब्दापुढे पाते, डोमकळी, बहार इत्यादींचे प्रत्यक्ष छायाचित्र लावावे. भाषांतरकारास ह्याहून मोलाची मदत दुसरी नाही.

दुसरी: हेक्टर, एकर व पंप ह्यांचे कोष्टक करून ते सभासदांच्या घरी व औषधाच्या दुकानी लावावे.

तिसरी: कोणतीही पाठमाला आपल्याकडे आली तर प्रथम दहा माणसांस ऐकवावी, व त्यांत निदान निम्मे मजूर व निम्म्या स्त्रिया असाव्यात. कोठे थांबावे लागले, कोणता शब्द कळला नाही, हे लिहून कर्त्यांस कळवावे. ही चाचणी पाठ पुरा होण्यापूर्वी व्हावी. नंतर झाली तर ती केवळ तक्रार ठरते.

चौथी: आपण केवळ घेणारे राहू नये. कोरडवाहू कपाशीत तुरीच्या ओळी घेणारा नागपूर-वर्ध्याकडील शेतकरी माली व बुर्किना फासो येथील कोरडवाहू शेतकऱ्यास सांगू शकेल असे पुष्कळ जाणतो. भारत सरकारने २०१२ पासून आफ्रिकेतील कापूस पिकविणाऱ्या देशांस तांत्रिक साह्य देण्याचा कार्यक्रम चालविला होता. त्यात हे देशही होते. तेव्हा आपल्या बांधावरचा एक पाठ आपणच चित्रित करून त्यांस पाठविणे अशक्य नाही.

पाचवी: वर्षातून एकदा, हंगाम संपल्यावर, कोणता पाठ कोणी ऐकला व त्याप्रमाणे शेतात काय केले, ह्याची नोंदवही भरावी. प्रमाणपत्रांच्या संख्येवरून पाठमालेची किंमत ठरवू नये. जानेवारीअखेर किती शेते मोकळी झाली, व फवारणीतून किती जण धडधाकट घरी आले, हीच खरी परीक्षा.

हे काम एका वर्षात पुरे होणारे नाही, व त्यातून कोणास मोठेपणाही मिळणार नाही. परंतु परदेशच्या विद्वानांनी आपल्या दारी आणलेला पाठ आपल्या मजुराच्या कानापर्यंत नेणे हे शेवटचे चार पावलांचे अंतर आहे, आणि ते त्यांच्याकडून चालले जाणार नाही. ते आपणच चालले पाहिजे. पुढील पावसाळ्यापूर्वी निदान शब्दांची यादी व पंपाचे कोष्टक एवढी दोन कामे तरी सभासदांनी हाती घ्यावी, अशी विनंती करून हा लेख पुरा करतो.